शहराची वाट पाहणारे हडकर सर

हडकर सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "बाई, सिल्वासात तुम्हाला किती लोक ओळखतात?"

मी आदल्याच दिवशी एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक नवरा घेऊन मुंबईहून येऊन पडले होते. नवऱ्याला प्रशासनाच्या बांधकाम खात्यात नोकरी, मला शाळेत गणिताची. टोकरखाड्याच्या कॉलनीत मिळालेल्या घरात नळ होता, पण पाणी नव्हतं. अशा अवस्थेत कोणी असला प्रश्न विचारला तर डोळ्यांत पाणी येणारच. "कोणीच नाही हो," मी म्हटलं.

सरांनी दोन्ही हात जोडले आणि मनापासून म्हणाले, "अभिनंदन!"

हा माणूस चक्रम आहे असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. पुढे पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या शेजारी काढूनही ते मत मी बदललेलं नाही. फक्त त्या चक्रमपणाशिवाय सिल्वासात माझे दिवस कसे गेले असते, हे मला आज सांगता येत नाही.

सर अकरावी-बारावीच्या कला शाखेला समाजशास्त्र शिकवायचे. उंची बेताची, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात नेहमी तीन खडू. ते कोकणातले, पण कोकणाविषयी अवाक्षर काढत नसत. कोकणी माणूस आणि आंब्याबद्दल, माशांबद्दल, आपल्या गावच्या देवळाबद्दल बोलत नाही म्हणजे नवलच. सर बोलायचे ते शहराबद्दल. कुठे कुठे जर्मनीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेत जुन्या काळच्या पंडितांनी शहराविषयी काय काय विचार करून ठेवला आहे, ते सगळं त्यांना पाठ होतं आणि ते इतक्या घरगुती मराठीत सांगायचे की ते पंडित मालवणात जन्मले असावेत असा भास व्हावा.

"गावात तू कोण? तर अमक्याचा झील, तमक्याचा नातू. तू स्वतः कोण ते कोणी विचारतच नाही. शहरात तू कोण? तर जे काम करतोस तो. तुझा आजा कोण होता याच्याशी दुकानदाराला काही देणंघेणं नाही. जुना समाज म्हणजे ओळखीचा समाज, नवा समाज म्हणजे कामापुरता समाज. आता सांगा, श्वास कुठे मोकळा येईल?"

मुलं एका सुरात "गावात!" म्हणून ओरडायची. खानवेलकडच्या पाड्यांवरून बसने येणारी मुलं ती, दुसरं काय सांगणार? सर कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायचे. शहरात इतकी माणसं, इतके आवाज, इतक्या गोष्टी रोज अंगावर येतात की माणूस शेवटी मनाला घट्टा पाडून घेतो. कशानेच चमकत नाही, कोणाकडे वळून बघत नाही. लोक याला माणुसकी आटणं म्हणतात, पण सरांच्या मते हीच शहराची मोठी देणगी होती. कोणी तुमच्याकडे बघत नाही म्हणजे तुम्ही मोकळे.

ते हे नुसतं शिकवत नसत, त्याचा सराव करायचे. शाळा सुटली की किलवणी नाक्याकडून घरापर्यंत चेहरा दगडासारखा करून, नजर समोर लावून चालायचे. "शहरी चाल" म्हणायचे त्याला. पण जेमतेम दहा पावलं गेली की पानवाला ओरडायचा, "सर, केम छो?" की झाली चाल बंद. "मजेत रे! तुझ्या बापाचा दमा कसा आहे?" मग त्या दम्यावर इतकं सविस्तर बोलणं व्हायचं की मी भाजी घेऊन परत यायचे तरी सर तिथेच. एकदा मी म्हटलंच, "सर, घट्टा पडला नाही वाटतं अजून?"

"गाव अजून कोवळं आहे, बाई," सर गंभीरपणे म्हणाले. "पण होईल. शहर होईल."

तसं ते होतही होतं. त्या वर्षांत दर पावसाळ्यानंतर एखाद्या शेताच्या जागी कारखान्याची शेड उभी दिसायची. धुळ्याकडून, नंदुरबारकडून, उत्तरेकडून माणसं यायची, बसमधून उतरून पत्र्याच्या पेट्यांवर बसायची आणि काम शोधायची. सर त्यांच्याकडे आनंदाने बघत उभे राहायचे. एकदा ते पेढे घेऊनच शिक्षकांच्या खोलीत शिरले. सगळ्यांना वाटलं, मुलगी मुक्ता पहिली आली. "माझं पाकीट मारलं," सरांनी जाहीर केलं. "काल, बसस्टँडवर. सिल्वासात पाकीटमार आला! आता कोणी याला गाव म्हणून दाखवावं."

आम्ही पेढे खाल्ले. दुपारी खानवेलच्या बसचा कंडक्टर शाळेत आला आणि त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. "सीटखाली पडलं होतं. आत सरांचाच फोटो, म्हटलं देऊन येऊ." सरांचा चेहरा असा पडला की मराठीच्या बाईंनी हळूच विचारलं, "पेढे परत करायचे का, सर?"

प्राचार्यांशी त्यांचं बिनसलं तेही शहरापायीच. शहर हे पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखं वाढतं, असं कोणा अमेरिकन मंडळींनी दाखवलं होतं म्हणे : मध्यभागी बाजार, त्याच्याभोवती पडकी, कळकट, उतरती कळा लागलेली वस्ती, मग कामगार, मग बाहेर बाहेर ऐपतदार लोक. सरांनी फळ्यावर सिल्वासाचा नकाशा काढला, बसस्टँड मध्ये धरून वर्तुळं मारली, आणि नेमका दुसऱ्या वर्तुळात, कळकट वस्तीत, प्राचार्यांचा नवा बंगला आला. कोणा कार्ट्याने ते घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावून विचारलं, "हडकर, माझ्या घराला उतरती कळा लागली आहे का?"

"घराला नाही, सर," हडकर सर म्हणाले, "जागेला. पण त्याला उपाय आहे. बसस्टँड हलवायला सांगा."

पुढचे दोन महिने सरांच्या वाट्याला मैदानावरची सगळी देखरेख आली.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण सरांच्या या सगळ्या पांडित्याला घरातच एक विरोधी पक्ष होता. नलिनीवहिनी डबे करायच्या. सुरुवातीला कॉलनीतल्या एका एकट्या कारकुनाला, मग त्याच्या ओळखीने कारखान्यातल्या एकदोघांना, असं करत करत त्यांच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ डब्यांची रांग लागायला लागली. सरांना हा उद्योग पसंत होता, कारण तो त्यांच्या व्याख्येत बसत होता. "हा करार आहे," ते मला समजावत. "त्यांना जेवण हवं, नलूला गिऱ्हाईक हवं. कोणी कोणाचा कोणी नाही. शुद्ध शहरी संबंध!"

वहिनी शुद्ध काहीच ठेवत नसत. एखाद्याचा डबा अर्धा परत आला की दुसऱ्या दिवशी त्यात मऊ भात आणि वर लिंबाचं लोणचं जायचं. रविवारी कोणाला गावाची आठवण येत असेल म्हणून खानदेशच्या पोरांना झणझणीत शेवभाजी, आणि उत्तरेकडच्यांना जाड पोळ्या. "नलू, करारात लोणचं नाही," सर म्हणायचे. "तुमच्या करारात मीठ तरी आसा काय?" वहिनी विचारायच्या. घरात वहिनी मालवणीच बोलत.

या डब्यांमधूनच सरांना त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा शोध लागला. एकाच खोलीवर दोन डबे जातात, एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांचे, हे त्यांच्या लक्षात आलं. ते चौकशीला गेले. खोली कसली, एक खाट मावेल एवढी जागा. मालकाने ती खाटच दोघांना भाड्याने दिली होती. दिवसपाळीचा रघुनाथ, साक्रीकडचा, रात्री त्या खाटेवर झोपायचा. तो उठून गेला की रात्रपाळीचा रामसजीवन येऊन त्याच खाटेवर पडायचा. कारखाने निराळे, सुट्टीचे वार निराळे. वर्ष होत आलं, तरी दोघांनी एकमेकांचं तोंड धड पाहिलं नव्हतं.

सर माझ्याकडे धावत आले. मी कणीक भिजवत होते. "बाई, चला! एक खाट, दोन माणसं, आणि ओळख नाही! मनाला घट्टा पडतो म्हणणाऱ्या त्या जर्मन माणसाला हे दिसलं असतं तर तो नाचला असता!"

तो जर्मन माणूस नव्हता म्हणून सरच नाचत होते. वर्गातली मुलंही मागे आली. रघुनाथ कामावर निघायच्या तयारीत होता. सरांनी विचारलं, "तुझ्या खाटेवर कोण झोपतो, ठाऊक आहे?"

"नही ना सर. त्याले मी कधी वळखलंच नही," रघुनाथ म्हणाला. सरांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. तोवर रघुनाथ पुढे बोलायला लागला होता. "पण गडी चांगला शे. चमेलीचं तेल लावतो, उशीले वास येतो. मागच्या महिन्यात मले ताप होता, तर मी उठलोच नही. तो आला आसंल, मले झोपेल पाहून गेला. दिवसभर कुठं बसला काय माहीत. जागा झालो तर उशाशी मोसंबी."

मुलं सरांकडे बघायला लागली. सर खिडकीकडे बघायला लागले. रामसजीवनला त्यांनी नंतर गाठलं, तर तोही म्हणाला, "आदमी अच्छा है, मास्टरजी. खिड़की खोलके जाता है, कमरा ठंडा मिलता है।"

"मग तुम्ही भेटत का नाही?"

"काहे को?" रामसजीवनला नवल वाटलं. "झगड़ा थोड़े ही है।"

सरांनी या उत्तरावर आठवडाभर विचार केला. मोसंबी मात्र त्यांनी वर्गात सांगताना गाळली. मला ते कळलं आणि मी त्यांना पुढे कित्येक महिने मोसंबीवरून छळलं.

सरांचं शहराचं वेड कुठून आलं, ते मला वहिनींनी एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं. दोघं एकाच गावची, जाती वेगळ्या. लग्न केलं तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं. न्हावी येईना, दुकानदार मीठ देईना, शेजारचं पोर अंगणात आलं तर त्याला आई ओढून नेई. वहिनींना दोन भाऊ, दोघांनी सांगितलं की आमची बहीण मेली. "तेव्हा हे म्हणाले, आपण अशा ठिकाणी जाऊ जिथे वाळीत टाकायला पंगतच नसेल," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी ज्याला पुस्तकी वेड समजत होते, ते त्या माणसाने बायकोसाठी शोधलेलं घर होतं.

मुक्ताचं लग्न ठरलं ते नव्वद साल उलटल्यावर. मुलगा अजित, मूळचा नाशिकचा, वापीला एका कारखान्यात केमिस्ट. माणसं सरळ. मुक्ताच्या आई-बापांच्या जाती निराळ्या हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. बैठकीला मीही होते. सगळं सुरळीत ठरलं, चहा झाला, आणि अजितची आई अगदी सहज म्हणाली, "मामा कोण उभे राहणार मुलीच्या मागे? मामांचा आहेर आणून ठेवायला हवा ना आम्हाला."

सरांनी तोंड उघडलं. मामा ही जुन्या समाजातली संस्था कशी, वगैरे ते सुरू करणार हे मला दिसत होतं. त्याआधीच वहिनी म्हणाल्या, "येणार आहे मामा."

पाहुणे गेले, कपबशा उचलून झाल्या. मग सर हळूच म्हणाले, "नलू, मामा नसला तर काय अडतं? शहरात सगळ्या कामांना माणूस मिळतो. बँडवाले मिळतात, वाढपी मिळतात..."

"माका तुमची थियरी नको," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "मी सगळा सोसलंय. तुम्ही म्हणालात तिथे इलंय. पण माझ्या चेडवाच्या मागे मामा उभो रवाक व्हयो. तिका कोण नाय, असा कोणाक दिसाक नको."

सरांनी माझ्या नवऱ्याचं नाव सुचवलं. माझा नवरा एका पायावर तयार होता. पण वहिनींनी मान हलवली. "ते माका वहिनी म्हणतत. मामा म्हणजे माका ताई म्हणणारो."

लग्नाला थोडे दिवस उरले असताना सर दोन दिवस दिसेनासे झाले. शाळेत म्हणे बोर्डाच्या कामाला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चपलांवर तांबडी माती होती. ज्या गावाचं नाव ते तोंडात घेत नसत, तिथे जाऊन आले होते. वहिनींना ते एवढंच म्हणाले, "घर बंद होतं. भेट झाली नाही." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाणी दिलं. घर बंद नव्हतं, दार बंद झालं होतं, हे ओळखायला समाजशास्त्र लागत नाही. मला त्या दिवशी सरांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी उगाच त्यांना म्हटलं की चप्पल पुसा, माझी फरशी खराब होते.

त्या आठवड्यात वहिनींच्या हातून डब्यात मीठच पडेना. कधी आमटी अळणी, कधी भाजी. डबा घेणाऱ्यांपैकी कोणी तक्रार केली नाही. रघुनाथने मात्र डबा न्यायला आल्यावर मुक्ताला विचारलं, "ताईले बरं नही का?" मुक्ताने काय ते सांगितलं. आम्हाला याचा पत्ता नव्हता.

लग्न कॉलनीच्या मोकळ्या जागेत होतं. मांडव घातला होता, सनई टेपवर लावली होती. नवऱ्या मुलाकडची मंडळी नाशिकहून बस करून आली होती आणि आमच्या बाजूला शाळेचे लोक, कॉलनीतले लोक, प्राचार्यसुद्धा. सर नव्या धोतरात सारखे अडखळत होते. वहिनी बोहल्याच्या बाजूला उभ्या होत्या आणि त्यांची नजर रस्त्यावर होती. अजूनही त्या वाट बघत होत्या, हे मला सहन होईना.

आणि रस्त्याने माणसं आली. घोळक्याने आली. इस्त्रीचे शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, कोणाच्या डोक्याला टोपी, कोणाच्या फेटा, कोणाच्या गळ्यात लाल गमछा. पुढे रघुनाथ. तो थेट वहिनींसमोर येऊन उभा राहिला आणि खराखुरा रागावून म्हणाला, "ताई, मामा नही म्हणून तू रडली? आम्ही काय मेलो व्हतो? मले विचारलं का नही?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. सर शेजारीच उभे होते. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो मी डोळ्यांनी पाहिला. इतकी वर्षं हे सगळे त्यांच्या ओट्यावर उभे राहून रोज दोन वेळा 'ताई' म्हणून हाक मारत होते, आणि हे समाजशास्त्राचे शिक्षक त्यांना गिऱ्हाईक समजत होते.

"कोण उभा राहणार तुमच्यापैकी?" गुरुजींनी घड्याळ बघत विचारलं. त्यावर मागे भांडण जुंपलं. रघुनाथ म्हणाला, मी सगळ्यात जुना डबा. नवापूरचा एक जण म्हणाला, मी वयाने मोठा. रात्रपाळी करून परस्पर आलेला, डोळे तांबारलेला रामसजीवन म्हणाला, "हमारी भी तो दीदी है।" रघुनाथने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, जवळ जाऊन वास घेतला आणि ओरडला, "चमेलीवाला तूच का रे?"

"खिड़कीवाला?" रामसजीवन म्हणाला. आणि दोघांनी मुहूर्ताच्या तोंडावर एकमेकांना अशी मिठी मारली की सनई थांबवावी लागली.

शेवटी गुरुजीच वैतागून म्हणाले, "अहो, सगळेच या!" आणि मुक्ता बोहल्यावर आली तेव्हा तिच्या मागे मामांची भिंत होती. अजितची आई हातातला एकुलता एक आहेर घेऊन गोंधळून उभी राहिली, आणि मग पोट धरून हसायला लागली.

मंगलाष्टकं संपत असताना एक स्कूटर मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. धाग्याच्या कारखान्याचे सुपरवायझर, मेहता साहेब. जवळच्या नात्यातलं लग्न असल्याशिवाय ते कोणाला रजा देत नसत, आणि त्या दिवशी त्यांच्या कारखान्यातून रजा मागणाऱ्या सगळ्यांनी एकच कारण सांगितलं होतं : भाचीचं लग्न. एक साक्रीचा, एक नवापूरचा, एक गोरखपूरकडचा, एक खानवेलच्या पाड्यावरचा, आणि भाचीचं लग्न एकाच दिवशी, एकाच ठिकाणी. साहेब चोरी पकडायला आले होते. "इतने सारे लोगों की एक ही भानजी?" त्यांनी दारातूनच आवाज चढवला.

कोणी काही बोलायच्या आत हडकर सर पुढे झाले. धोतर सावरत, डोळे पुसत, ते साहेबांना म्हणाले, "हां साहेब, एक ही है। देखिए, सामने खड़ी है। और ये सब सगे मामा हैं। मैं बाप हूँ, मुझसे पूछिए।"

साहेबांनी बोहल्याकडे पाहिलं. वधूच्या मागची ती रांग पाहिली, वहिनींकडे पाहिलं. मग स्कूटर स्टँडला लावली, चपला काढल्या आणि पहिल्या पंगतीला बसून जिलबी मागून घेतली.

सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "बाई, मी याला करार म्हणत होतो हो," ते म्हणाले. मला मोसंबीची आठवण करून द्यायचा मोह झाला होता, पण त्यांचा चेहरा बघून मी त्यांच्यापुढे जिलबी धरली. पुस्तकं चुकली असं मात्र ते नंतरही कधी म्हणाले नाहीत. वर्गात त्यांनी एवढाच बदल केला : गाव आणि शहर समजावून झालं की खडू खाली ठेवून म्हणायचे, "पण या पंडितांना नलूचा डबा कोणी दिला नव्हता, हे लक्षात ठेवा."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सिल्वासाजवळच्या खेरडीला, रघुनाथच्या धाकट्या भावाच्या लग्नात. त्यानंतर माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सिल्वासा सोडलं. त्या लग्नात मुलीकडचे लोकही खानदेशातलेच, खेरडीत खोली करून राहिलेले, त्यामुळे सगळा थाट तिकडचा. लाउडस्पीकरवर एकेकाचं नाव पुकारत होते आणि जावयांना, मेहुण्यांना टॉवेल-टोपी देऊन मान करत होते. मामांच्या ताईचा नवरा म्हणजे दाजी, तेव्हा हडकर सरांचं नाव वर यायला हवं होतं. धांदलीत ते राहून गेलं.

मी शोधलं तर सर मांडवाच्या मागे एका उलट्या टोपल्यावर एकटेच बसले होते. हाताची घडी, मान ताठ, चेहरा फुगलेला. समोर सरबताचा पेला तसाच. "सर, उन्हात का बसलात? जेवायला चला," मी म्हटलं.

"मी जेवणार नाही."

"का?"

"ज्यांना दाजींची आठवण नाही, त्यांच्याकडे जेवायचं कसं?"

मी थक्क झाले. "सर! तुम्ही? टॉवेल-टोपीसाठी रुसलात? ज्या मानपानाला आणि भाऊबंदकीला कंटाळून तुम्ही..."

"हळू बोला, बाई," सर कुजबुजले. त्यांनी एका डोळ्याने मांडवाच्या फटीतून आत पाहिलं. आत गडबड उडाली होती. रघुनाथ "दाजी कुठं गेले? दाजी रुसले!" म्हणून ओरडत होता आणि चार-पाच जण टोपी घेऊन धावाधाव करत होते. सरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि गाल मात्र त्यांनी तसेच फुगवून धरले होते.

"आयुष्यात पहिल्यांदा रुसायला माणसं मिळाली आहेत," ते म्हणाले. "एवढ्यात उठवू नका मला."

मग पावलं जवळ आली तसं त्यांनी झटकन तोंड फिरवलं. रघुनाथने दोन्ही हातांनी टोपी पुढे धरली. सरांनी मान हलवून नको म्हटलं, आणि टोपी नीट बसावी म्हणून डोकं थोडं खाली केलं.